रिमोटची गाडी का थांबते? सेल, मोटर आणि लहरींची दोनशे वर्षं



आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. बचत गटाच्या बायकांनी शेळीपालन, परसबाग, कर्जाचे हप्ते यावर बोलावं, खेळण्यांवर काय बोलायचं? पण जत्रेतून आणलेली रिमोटची गाडी बहुतेक घरांत एखादी तरी असतेच. दोनशे-चारशे रुपयांची, म्हणजे कुणाच्या तरी दिवसभराच्या मजुरीची. ती चार दिवस पळते आणि पाचव्या दिवशी थांबते. लेकरू रडतं. मोठी माणसं म्हणतात, "असला माल एवढाच टिकायचा, दे टाकून." गाडी आधी माळ्यावर जाते, मग भंगारात. आणि कुणी बाईमाणसाने ती उघडायला घेतली, की ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "राहू दे, तुला त्यातलं काय कळतंय?"

आम्ही आज याच वाक्याला उत्तर देणार आहोत, आणि ते इतिहासातून देणार आहोत. त्या छोट्या गाडीत गेल्या दोनशे वर्षांतले तीन मोठे शोध बसलेले आहेत. एक सेल, दुसरी मोटर आणि तिसरी हवेतून जाणारी लहर. प्रत्येक शोध कसा लागला, त्यात शोधणाऱ्यांना काय अडचणी आल्या, हे समजून घेतलं की गाडी कुठे अडते तेही समजतं. त्यांना ज्या अडचणी आल्या, त्याच आजही आपल्या अंगणातल्या गाडीला येतात.

सेल : कल्हईवाल्याचा नवसागर

सुरुवात सेलापासून करू, कारण बंद पडलेल्या गाडीत सर्वांत आधी तोच तपासायचा असतो.

इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १८०० साली पहिली बॅटरी जगापुढे मांडली. जस्ताची चकती, तांब्याची चकती आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी एकावर एक रचलेली चवड. तिच्या दोन टोकांना तारा जोडल्या की वीज वाहायची. त्याआधी घर्षणाने ठिणगी काढता येत होती, पण सलग वाहणारी वीज माणसाच्या हातात अशी पहिल्यांदा आली. त्या चवडीची एक खोड होती. पुठ्ठा वाळला की वीज बंद.

पुढे १८६६ साली फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी जस्त, कोळशाची कांडी, मँगनीजची काळी भुकटी आणि नवसागराचं पाणी वापरून नवा सेल केला. नवसागर आपल्याला परका नाही. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात पांढरी पूड टाकतो आणि तिचा धूर उठतो, तोच हा नवसागर. त्यानंतर वीस वर्षांनी, १८८६ मध्ये, जर्मनीच्या कार्ल गासनर यांनी त्या पाण्याऐवजी घट्ट लगदा भरला आणि जस्ताचाच डबा केला. आता सेल कसाही धरला तरी सांडत नव्हता. आपल्या घड्याळात आणि रिमोटमध्ये पडणारा साधा पेन्सिल सेल हा त्याचाच वंशज.

आता यातून दुरुस्तीचा पहिला धडा घ्या. साध्या सेलाचा डबा जस्ताचा असतो, आणि वीज तयार होताना तेच जस्त झिजत जातं. म्हणजे हा सेल स्वतःची भिंत खाऊन वीज देतो. पूर्ण उतरलेला सेल महिनोन् महिने गाडीत पडून राहिला, की त्या भिंतीला भोकं पडतात, आतला लगदा बाहेर येतो आणि स्प्रिंगवर पत्र्यावर चढतो. म्हणून खेळणं ठेवून देताना सेल काढून ठेवायचे. बंद गाड्यांपैकी कितीतरी गाड्या एवढ्याशा कारणाने मेलेल्या असतात.

अल्कलाइन सेल नंतरचा. लुईस उरी नावाच्या कॅनडाच्या अभियंत्याने तो १९५० च्या दशकात अमेरिकेत तयार केला, आणि त्याची गोष्ट आपल्या विषयात नेमकी बसते. नवा सेल चांगला आहे हे वरिष्ठांना पटवायचं कसं? सांगतात, की त्यांनी दोन खेळण्यातल्या गाड्या आणल्या. एकीत जुना सेल घातला, दुसरीत आपला नवा, आणि कंपनीच्या जेवणघरात दोन्ही सोडल्या. जुन्या सेलाची गाडी थोडी सरकून थांबली. नवी या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिली. १९५९ साली हे सेल बाजारात आले.

मोटरला सुरू होताना एकदम जास्त वीज लागते. जुना सेल घड्याळ चालवू शकतो, कारण घड्याळ वीज थेंब थेंब पितं. पण गाडी ती घोट घोट पिते. म्हणून "हाच सेल घड्याळात चालतोय, मग गाडीत का नाही?" हा प्रश्न पडला, तर उत्तर हे आहे. रिमोट दाबल्यावर गाडी जरा हलते, तिचा दिवा मंद होतो आणि ती थांबते, असं दिसलं तर दुसरं काही उघडू नका. गाडीतले सगळे सेल एकदम बदला. एक नवा आणि तीन जुने असं करू नका. जुने सेल नव्यालाही ओढतात आणि त्यातूनच गळती होते.

सेल नवे आहेत तरी गाडी गप्प आहे, तर सेलाच्या घरातले स्प्रिंग आणि पत्रे पाहा. पांढरी किंवा हिरवट पूड दिसली तर हातात प्लास्टिकची पिशवी घालून आधी जुन्या दातांच्या ब्रशने ती कोरडी झाडा. गळलेल्या सेलावर अल्कलाइन लिहिलं असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडं लिंबू किंवा व्हिनेगर घेऊन पुसा. साधा सेल असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा बोळा फिरवा. मग ओलसर फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. गंज राहिलाच तर पॉलिश पेपरने हलकं घासा. पत्रा चकाकला की वाट मोकळी झाली.

मोटर : एमिलीचं रेशीम

दुसरा शोध मोटरचा. लंडनच्या मायकल फॅराडे यांनी १८२१ साली वीज वाहणारी तार चुंबकाभोवती फिरते हे दाखवलं. ते लोहाराचे पुत्र, फारसं शालेय शिक्षण न झालेले, पुस्तकं बांधण्याच्या दुकानात शिकाऊ म्हणून लागलेले. तिथे बांधायला आलेली पुस्तकं वाचून ते विज्ञानाकडे वळले.

पुढचं पाऊल अमेरिकेतल्या एका खेड्याने टाकलं. व्हर्माँट राज्यातल्या ब्रँडन गावचे थॉमस डेव्हनपोर्ट हे धंद्याने लोहार. त्यांनी विद्युतचुंबक पाहिला आणि त्याच्या नादाने मोटर करायला घेतली. त्यासाठी तारेवर आवरण लागतं, नाहीतर तारेला तार टेकून वीज भलत्याच वाटेने जाते. आज तारेवर लाखेसारखा पातळ थर असतो, तेव्हा तसलं काही मिळत नव्हतं. त्यांची पत्नी एमिली यांनी आपला लग्नातला रेशमी पोशाख फाडून त्याच्या पट्ट्या तारेभोवती गुंडाळायला दिल्या, असं सांगितलं जातं. प्रयोगांच्या नोंदीही त्या ठेवत. १८३५ साली डेव्हनपोर्टनी गोल रुळावर पळणारी छोटी विजेची गाडी दाखवली. म्हणजे विजेवर पळणाऱ्या पहिल्या गाड्यांपैकी एक गाडी खेळण्याएवढीच होती. १८३७ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. कागदावर नाव थॉमस यांचं आलं, एमिलींचं नाही. धंदा मात्र चालला नाही, कारण त्या काळी बॅटरीची वीज फार महाग पडायची.

आजच्या गाडीतली मोटर त्याच घराण्यातली आहे. आत तारेची गुंडाळी फिरते, बाजूला चुंबक असतात, आणि फिरत्या गुंडाळीला वीज पोचवायला दोन छोटे पत्रे तिच्या दांड्यावर घासत राहतात. त्यांना ब्रश म्हणतात. चाकाच्या आसाला आणि मोटरच्या दांड्याला केस, दोरा, गालिच्याचे धागे गुंडाळले की गाडी घुं घुं करते पण चालत नाही. लांब केसांच्या घरात हे हमखास होतं. डिस्मिसने खालचे स्क्रू काढा, चिमट्याने केस ओढून काढा आणि चाक हाताने फिरवून बघा. सहज फिरलं पाहिजे.

मोटर जिवंत आहे की मेली हे कळायला मोठं यंत्र लागत नाही. मोटरच्या दोन तारा सर्किटपासून सोडवा आणि एका चांगल्या पेन्सिल सेलाच्या दोन टोकांना टेकवा. फिरली तर मोटर ठीक, दोष मागे कुठेतरी आहे. तारा उलट टेकवल्या तर ती उलट फिरेल, गाडी मागे जाते ती अशीच. फिरली नाही तर दांड्याला बोटाने हलकी टिचकी द्या. टिचकीने सुरू होत असेल तर आतले ब्रश झिजलेत, मोटर बदलायला आली. अशा मोटरी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतात, आणि दुसऱ्या मेलेल्या खेळण्यातूनही निघतात.

मोटर जोरात फिरतेय, चाक मात्र हलत नाही, असं असेल तर मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक पाहा. ते प्लास्टिकचं असतं आणि दांड्यावर घट्ट दाबून बसवलेलं असतं, म्हणून कालांतराने तडकतं आणि दांड्यावर नुसतं घसरतं. नवं आणताना जुनं सोबत न्या आणि दात मोजून तेवढ्याच दातांचं घ्या.

लहर : ठिणगीपासून रिमोटपर्यंत

आता तिसरा शोध, जो डोळ्यांना दिसत नाही. पण तुम्ही आत्ता तो ऐकताय. आमचा आवाज तुमच्या रेडिओपर्यंत आणणारी आणि रिमोटचा हुकूम गाडीपर्यंत नेणारी लहर एकाच जातीची.

जर्मनीच्या हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये दाखवलं, की एका ठिकाणी विजेची ठिणगी पडली तर तिच्या लहरीने दूर ठेवलेल्या तारेतही बारीक ठिणगी उमटते, मधे तार नसताना. १८९० मध्ये पॅरिसच्या एदुआर ब्रांली यांनी काचेच्या नळीत धातूचा कीस भरला. लहर आली की कीस एकमेकाला चिकटतो आणि त्यातून वीज वाहू लागते. नळीला टिचकी मारली की कीस पुन्हा सुटा. म्हणजे लहरीने चालू होणारं बटणच ते. १८९५ च्या सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी लोकांसमोर भिंतीपलीकडून लहर पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. दूरवरून हुकूम देण्याचे जगातले जे सुरुवातीचे प्रयोग, त्यांतला हा एक आपल्या देशात झालेला आहे.

मग आलं खेळण्यासारखं दिसणारं पहिलं मोठं काम. १८९८ साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात निकोला टेस्ला यांनी पाण्याच्या हौदात छोटी लोखंडी होडी सोडली. आत बॅटरी, मोटर आणि लहर ओळखणारं यंत्र. दूर उभं राहून ते होडी वळवत, थांबवत, तिचे दिवे लावत. लोकांना कळेना, ही कुणाचं ऐकतेय. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना पेटंट मिळालं. आपल्या मुलाच्या हातातल्या रिमोटची आजी म्हणायची तर ती ही होडी.

दुसऱ्या महायुद्धात याच कल्पनेत एका बाईने भर घातली. हेडी लमार ही व्हिएन्नात जन्मलेली, हॉलिवूडमध्ये गाजलेली नटी. पाण्याखालून सोडलेल्या पाणतीराला लहरीने वळवायचं, तर शत्रू तीच लहर गोंगाट करून बुजवून टाकणार. मग लहर एकाच जागी ठेवायचीच कशाला? पाठवणारा आणि घेणारा दोघांनी ठरलेल्या क्रमाने सारखी जागा बदलत राहायची. जॉर्ज अँथील या संगीतकाराबरोबर तिने हे मांडलं. आपोआप वाजणाऱ्या पियानोत भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी असते, तशा दोन सारख्या गुंडाळ्या वापरायच्या, आणि पियानोच्या पट्ट्यांइतक्या, म्हणजे ८८ जागा ठेवायच्या. १९४२ साली पेटंट मिळालं. नौदलाने ते तेव्हा वापरलं नाही. तिच्या रूपाची चर्चा आयुष्यभर झाली. या कामाची दखल मात्र १९९७ साली पुरस्कार मिळाला तेव्हा घेतली गेली, ती ऐंशीच्या घरात असताना. जागा बदलत राहण्याचं हे तत्त्व आज ब्लूटूथमध्ये आणि रिमोटच्या कितीतरी नव्या खेळण्यांत वापरतात.

याचा आपल्याला उपयोग काय, तर रिमोट कोणत्या जातीचा आहे हे ओळखता येतं. जुन्या, स्वस्त गाड्यांवर २७ किंवा ४९ मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं. त्या एकाच जागी बोलतात. शेजारच्या पोराची गाडीही २७ ची असेल तर एका रिमोटवर दोन्ही गाड्या पळतात, आणि आपली गाडी वेड्यासारखी वागते. बिघाड नाही, दोघांनी लांब जाऊन खेळायचं एवढंच. या गाड्यांना बारीक तारेचा अँटेना असतो. तो तुटला किंवा मुलांनी तोडला, तर गाडी दोन हातांवरूनच ऐकते. तेवढ्याच लांबीची तार पुन्हा जोडा. तार छोटी करून चालत नाही.

२.४ गिगाहर्ट्झ लिहिलेल्या गाड्या नव्या. त्यांचा अँटेना बोटाएवढा किंवा आतच असतो. त्यांना आधी एकमेकांची ओळख करून द्यावी लागते. गाडी आणि रिमोट दोन्ही बंद करा, जवळ ठेवा, दोन्ही चालू करा आणि लुकलुकणारा दिवा स्थिर होईपर्यंत थांबा. सेल बदलल्यावर गाडी ऐकेनाशी झाली, तर बहुतेक वेळा एवढंच करायचं राहिलेलं असतं.

तिसरी जात टीव्हीच्या रिमोटसारखी, न दिसणाऱ्या प्रकाशाची. छोटी हेलिकॉप्टरं बरीचशी यावर चालतात. ती उन्हात चालत नाहीत, कारण सूर्याच्या प्रकाशात रिमोटचा प्रकाश बुडून जातो. हा रिमोट तपासायला मोबाइलचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं तोंड त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट ठिपका चमकला तर रिमोट ठीक. एका कॅमेऱ्यात दिसलं नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्यातून बघा.

आणि हर्ट्झची ठिणगी विसरू नका. मोटरमधले ब्रश घासताना बारीक ठिणग्या उडतातच, आणि ठिणगी म्हणजे लहर. म्हणजे गाडीच्या पोटातच एक गोंगाट करणारा बसलेला असतो. तो गोंगाट गिळायला मोटरच्या दोन टोकांवर मसुरीएवढी पिवळट किंवा तपकिरी चकती डाखलेली असते. ती कपॅसिटर. मोटर बदलताना ती जुन्या मोटरवरच राहिली, तर नवी मोटर लावूनही गाडी लांबून ऐकत नाही. जुन्या मोटरवरची चकती नव्यावर डाखायची.

डबा बंद कसा झाला

आता आणखी एक इतिहास, तो दुरुस्तीचाच. दुसऱ्या महायुद्धात जपान बेचिराख झाला. १९४५ च्या डिसेंबरात तिथे सैनिकांनी टाकलेल्या पत्र्याच्या डब्यांपासून छोट्या जीपगाड्या करून विकल्या गेल्या. भंगारातून खेळणी, आणि खेळण्यांतून पोटापाण्याचा धंदा. १९५० च्या दशकात मासुदाया या जपानी कंपनीने रेडिओवर चालणारी पत्र्याची बस काढली. तिच्यात ब्रांलीची तीच किसाची नळी होती. १९७६ मध्ये तामिया कंपनीने रेडिओवर चालणारी मोटारगाडी सुट्या भागांत विकायला सुरुवात केली. ती घरी जोडायची, सोबत चित्रांची पुस्तिका, आणि एखादा भाग तुटला तर तेवढाच विकत मिळायचा. जी जोडता येते ती उघडताही येते.

पण स्वस्त खेळण्यांची वाट वेगळी गेली. चीनच्या क्वांगतोंग प्रांतात चंगहाय हा भाग खेळण्यांचं मोठं ठाणं झाला. सगळं रेडिओचं काम एका जोडचिपमध्ये आलं. रिमोटमध्ये टीएक्स-२ आणि गाडीत आरएक्स-२ अशा नावांच्या चिप कितीतरी गाड्यांत दिसतात. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे आणि जोरात, एवढे पाच हुकूम त्यांना समजतात. गाडी स्वस्त झाली, आपल्या जत्रेपर्यंत पोचली, हा फायदा खरा. पण पुस्तिका गेली, सुटे भाग गेले, आणि काही गाड्यांत चिपवर काळ्या गोंदाचा ठिपका बसला. तो ठिपका मेला तर घरी दुरुस्ती नाही. एवढं मान्य करून आम्ही सांगतो, की काळ्या ठिपक्यापर्यंत जाण्याआधी सेल, पत्रा, बटण, तार, मोटर आणि दाते अशी सहा ठाणी आहेत. याच क्रमाने जायचं. सोपं आणि फुकट ते आधी, अवघड आणि खर्चाचं ते शेवटी. डॉक्टरही नाडी बघितल्याशिवाय ऑपरेशनला घेत नाही.

बटणाचं ठाणं राहिलं. गाडी फक्त पुढे जाते, मागे नाही, तर रिमोट उघडा. बटणाखाली रबराचा काळा ठिपका असतो, तो मळला की हुकूम जात नाही. कोरड्या मऊ फडक्याने पुसा. तुटलेली तार दिसली तर डाख द्या. डाख म्हणजे कथील आणि बहुधा शिसं. कथील कल्हईतलंच, पण शिसं विषारी आहे. म्हणून डाखायचं काम खिडकीजवळ करायचं, लेकरं आणि गरोदर बायका यांना लांब ठेवायचं, आणि नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही.

शिकणारे हात

"बाईला हे जमेल का?" याचंही उत्तर इतिहासात आहे. राजस्थानातल्या अजमेर जिल्ह्यात तिलोनिया गावी १९७२ साली सुरू झालेल्या बेअरफूट कॉलेजने खेड्यातल्या, शाळा न पाहिलेल्या बायकांना सौरदिव्यांची सर्किटं डाखायला आणि दुरुस्त करायला शिकवलं. भाषा वेगळी असली तरी रंग आणि खुणा पाहून त्या शिकल्या. पुढे आफ्रिकेतल्या खेड्यांतूनही बायका तिथे शिकायला आल्या आणि परत जाऊन आपल्या गावात दिवे लावू लागल्या.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत करत शिकायचं, हा तिथला पाया. पुण्यातच आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं टाकाऊतून खेळणी करून दाखवली. त्यांची एक मोटर फार गाजली. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक रबर, एक चुंबक आणि लाखेच्या तारेची गुंडाळी, एवढ्यात ती फिरते. फॅराडे आणि डेव्हनपोर्ट यांचं सारं काम पोराच्या तळहातावर मावतं. आपल्या गटाच्या बैठकीत ही मोटर एकदा करून बघा. जिला ती फिरताना दिसली, तिला गाडी उघडायची भीती उरत नाही.

जिवाला जपून

आता शेवटचं, पण सगळ्यांत महत्त्वाचं. दुरुस्ती राहिली तरी चालेल, हे विसरून चालणार नाही.

बटणासारखे चपटे सेल छोट्या रिमोटमध्ये आणि बोलक्या खेळण्यांत असतात. लेकराने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजल्यासारखी गंभीर जखम होऊ शकते. संशय आला तरी उलटी करायला लावू नका, वाट बघू नका, थेट एक्स-रे असलेल्या दवाखान्यात न्या. ज्या खेळण्याच्या सेलाच्या झाकणाला स्क्रू नाही, ते लहान मुलाच्या हातात देऊ नका. वापरलेला सेलही घातक असतो.

चार्जिंगच्या नव्या गाड्यांत लिथियमची बॅटरी असते. ही १९९१ पासून बाजारात आली आणि तिच्या शोधासाठी २०१९ साली तिघांना नोबेल मिळालं. छोट्या जागेत भरपूर वीज, म्हणून ती बिघडली तर आगही तेवढीच मोठी. सोबत आलेल्या वायरनेच चार्ज करा, गादीवर नाही तर फरशीवर ठेवून आणि जागेपणी. बॅटरी फुगली असेल तर ती टोचायची नाही, दाबायची नाही, चार्ज करायची नाही. कोणतेच सेल चुलीत किंवा कचऱ्याच्या ढिगाऱ्यात जाळायचे नाहीत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या द्यायच्या असतात. गटाने एक बरणी ठेवावी, सगळ्यांचे जुने सेल त्यात गोळा करावेत आणि तालुक्याला जाणारीने ते बॅटरी परत घेणाऱ्या दुकानात किंवा केंद्रात द्यावेत. लिथियमच्या आणि बटणासेलांच्या टोकांना चिकटपट्टी लावून मगच बरणीत टाका.

नवं खेळणं घेताना आयएसआयची खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ती बंधनकारक आहे. खूण असलेलं खेळणं चार पैसे महाग पडेल, पण त्याचा रंग, त्याच्या कडा आणि त्याची वीज कुणीतरी तपासलेली असते.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातलं एक बंद पडलेलं खेळणं आणायचं. गटाच्या पैशातून एक फुल्लीचा डिस्मिस, एक चिमटा, पॉलिश पेपर आणि जमलं तर साधा मल्टिमीटर घ्यायचा. आधी सेल, मग पत्रा, मग बटण, तार, मोटर, दाते. प्रत्येक ठाण्यावर काय सापडलं ते वहीत लिहायचं, एमिली लिहायच्या तसं, आणि खाली आपलं नाव घालायचं. दोन-चार महिन्यांत त्या वहीवरून गावाला कळेल, कुणाच्या हाताने कोणती गाडी पुन्हा पळाली.